पदवी की थेट ट्रेनिंग? विमानक्षेत्रात पैसे भरण्याआधीची कामं, क्रमाने

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझा फोन तापलेला असतो. मी विमानदुरुस्तीत आहे, लायसन्सवाला इंजिनीअर. त्यामुळे नात्यातल्या, सोसायटीतल्या, गावाकडच्या प्रत्येकाच्या लेखी मला 'एव्हिएशनमधलं सगळं' ठाऊक असतं. प्रश्न ठरलेला: "डिग्रीला घालू की डायरेक्ट ट्रेनिंगला?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य येतं, "पंचवीस हजार भरून सीट धरून ठेवलीय." म्हणजे सगळ्यात शेवटी करायचं काम सगळ्यात आधी उरकलेलं असतं. म्हणून हा क्रम एकदा नीट लिहून काढतोय.

## १. आधी काम ठरवा, कागद नंतर

'एव्हिएशन' हे काम नव्हे. वहीचं एक पान घ्या आणि वर एकाच कामाचं नाव लिहा. खाली लिहा: नोकरी देणारा पहिला कागद कोणता मागणार? उत्तरं तीनच येतात. लायसन्स, पदवी किंवा दोन्हीही नाही.

पायलट. मागतात ते लायसन्स, म्हणजे डीजीसीएचं (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचं) सीपीएल, व्यावसायिक पायलटचं लायसन्स. वय १८ पूर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, किमान २०० तासांचं उड्डाण आणि लेखी पेपर. पदवी नियमाने लागत नाही. कॉमर्स-आर्ट्सची मुलं एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून हे दोन विषय देऊन पात्र होतात. ही विषयांची अट काढणार अशी चर्चा आहे, पण चर्चेच्या भरवशावर फी भरू नका.

एएमई, म्हणजे विमानदुरुस्तीचा लायसन्सधारी इंजिनीअर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बी.टेक. एरोनॉटिकल केलं की विमान दुरुस्त करता येतं, असं पालक धरून चालतात. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रात्रीचे अडीच वाजलेत, विमान पार्किंगच्या जागेवर उभं आहे, चाक बदललंय, सकाळी सहाची फ्लाइट आहे. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, काम नोंदवून खाली जो सही करतो आणि लायसन्स नंबर टाकतो, त्याच्या सहीवर ते विमान सुटतं. त्या जागी आयआयटीचा एम.टेक. आणून उभा केला तरी त्याला ती सही करता येत नाही. तो पंख डिझाइन करील, चाक 'रिलीज', म्हणजे उड्डाणाला योग्य म्हणून मोकळं, नाही करू शकणार.

ते लायसन्स डीजीसीएच्या सीएआर-६६ या नियमाखाली मिळतं: बी१.१ टर्बाइन विमानांच्या यांत्रिकी बाजूचं, बी२ एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं. त्यासाठी सीएआर-१४७ (प्रशिक्षण संस्थांचा नियम) मंजुरी असलेल्या संस्थेत साधारण दोन वर्षांचा बेसिक कोर्स, प्रत्येक मोड्यूलमध्ये किमान ७५ टक्के आणि वर चालू विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभव, जो बी१.१ आणि बी२ साठी आणखी दोन वर्षांचा धरा. त्यानंतर ए३२० किंवा ७३७ अशा विमानाच्या एकेका प्रकाराचं शिक्षण वेगळं. 'बारावीनंतर दोन वर्षांत इंजिनीअर' ही जाहिरात अर्धीच खरी असते.

डिझाइन, उत्पादन, संशोधन. ओझरचं एचएएल, इस्रो, खासगी डिझाइन केंद्रं. इथे इंजिनीअर म्हणून जायचं तर पदवीशिवाय कुणी विचारत नाही. जेईईतून चांगलं कॉलेज मिळालं तर एरोस्पेस जरूर घ्या. न मिळालं तर कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कॉलेजात एरोनॉटिकल घेण्यापेक्षा बऱ्या कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स बरं, असं माझं मत आहे. विमान कंपन्या तीही मुलं घेतात, आणि विमानक्षेत्र आडवं झालं तर बाकीचेही घेतात.

एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण. नागरी विमानतळांवरचे बहुतेक कंट्रोलर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. पद ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह. पात्रता बी.एस्सी. भौतिकशास्त्र आणि गणितासह, किंवा बी.ई./बी.टेक. ज्यात हे विषय एखाद्या सेमिस्टरला होते. खुल्या गटाला वयोमर्यादा २७. निवड झाल्यावर प्राधिकरण स्वतः प्रशिक्षण देतं. प्रयागराज, हैदराबाद आणि आपलं गोंदिया ही त्यांची केंद्रं.

> सावधान: 'एटीसी डिप्लोमा' विकणाऱ्या खासगी क्लासचं प्रमाणपत्र या भरतीत पात्रता म्हणून चालत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणून पैसे देत असाल तर गोष्ट निराळी, पण मग फी शिकवणीच्या क्लासइतकी हवी.

केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ. बारावी, बोलणं, उंची-वजनाच्या अटी आणि मुलाखत. निवडलेल्या मुलांना सुरक्षेचं प्रशिक्षण विमान कंपनीच देते. दोन-तीन लाखांचा 'एअर होस्टेस डिप्लोमा' कुणी सक्तीचा केलेला नाही. ते पैसे बँकेत ठेवा, इंग्रजी-हिंदी सुधारा, पोहायला शिका आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून अर्ज करा. मुलाखतीसाठी पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

विमानतळ व्यवस्थापनाला पदवीचा उपयोग होतो. २०१३ च्या कायद्याने उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजला राजीव गांधी राष्ट्रीय विमानवाहतूक विद्यापीठ उभं राहिलं, तिथले अभ्यासक्रम एकदा बघून घ्या. आणि विमान उडवायचंच आहे पण घरी पैसा नाही, असं असेल तर खडकवासला विसरू नका. एनडीएत शिक्षणाचा खर्च सरकारचा, पदवी जेएनयूची, आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र-गणितासोबत रसायनशास्त्रही.

> तपासा: वहीच्या पानावर 'लायसन्स' आलं तर पुढचे सगळे टप्पे तुमचे. 'पदवी' आलं तर थेट चौथ्यावर या. 'दोन्हीही नाही' आलं तर कुठलाही मोठा चेक फाडू नका.

## २. फीच्या आधी मेडिकल

पायलटच्या वैद्यकीय तपासणीच्या दोन पायऱ्या: आधी क्लास २, मग जास्त कडक क्लास १. दोन्ही डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे किंवा केंद्रांतच. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरून. घरच्या डॉक्टरचं 'एकदम फिट आहे' इथे उपयोगाचं नाही.

चष्मा असला म्हणून घाबरू नका, ठरलेल्या मर्यादेत तो चालतो. आडवा येतो तो रंगदृष्टीचा दोष, कारण तो औषधाने जात नाही आणि असलेल्या मुलाला बहुतेक वेळा माहीतच नसतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला तो कळला फी भरून चार महिने झाल्यावर. संस्थेने नियमावलीतलं बारीक अक्षर दाखवलं. पहिला हप्ता गेला तो गेलाच. हीच तपासणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावर दहा मिनिटांत झाली असती.

एएमईच्या प्रवेशालाही वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, आणि रंगदृष्टी तिथेही बघतात.

> सावधान: क्लास २ मिळालं म्हणजे क्लास १ मिळेलच असं नाही. क्लास १ ला ईसीजी, कान, रक्त, छाती सगळं कसून बघतात. मोठा हप्ता क्लास १ हातात आल्यावरच.

काही मुलांना 'तात्पुरते अनफिट' असा शेरा मिळतो, वजन किंवा एखाद्या रक्ततपासणीमुळे. तो कायमचा नकार नव्हे. दिलेल्या मुदतीत उपचार करून पुन्हा जा.

## ३. कागदपत्रं: आपल्याकडचा खास घोळ

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी गळालेलं. त्यात स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक 'एच' कमी. पुण्या-मुंबईत याने कधी काही अडत नाही, डीजीसीएत अडतं. डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर (उमेदवाराचा नोंदणी क्रमांक) काढताना दहावी-बारावीच्या कागदांची बोर्डाकडून पडताळणी लागते, आणि मेडिकल, परीक्षा, लायसन्स सगळीकडे नाव एकच हवं.

म्हणून निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात दहावीची गुणपत्रिका मूळ धरा आणि आधार-पासपोर्ट तिच्याशी जुळवून घ्या. चूक दहावीच्याच कागदावर असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डात. त्याला वेळ लागतो. बोर्डाच्या पडताळणीचा अर्जही याच वेळी टाका, मेडिकलच्या तारखेची वाट बघत बसू नका. ही दोन कामं शेजारी शेजारी चालतात.

## ४. पैशाचा हिशोब, खरा

संस्थेच्या पत्रकावरचा आकडा हा खर्च नसतो. पायलटसाठी भारतात सीपीएलपर्यंत साधारण ४५ ते ६० लाख धरून चाला, आणि विमान कंपनीच्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) पुढे वेगळं, तेही काही लाखांचं. पत्रकात हे आहे का, एकेक विचारा: मल्टि-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडणं) रेटिंग, हॉस्टेल-जेवण, २०० तासांच्या वर लागलेले तास, नापास झालेल्या उड्डाण-चाचणीचं पुन्हा उड्डाण, जीएसटी, इंधन महागलं तर वाढ. आणि एक रकाना पत्रकात कधीच नसतो: लायसन्स मिळाल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा काळ. त्यासाठी वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा.

कर्जाचं गणित एकदा कागदावर करा. ५० लाख, ११ टक्के, १० वर्षं: हप्ता जवळपास ६९ हजार. शिवाय सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली आणि परतफेड अडीच वर्षांनी सुरू झाली, तर मधलं साधं व्याजच पावणेचौदा लाख होतं. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने उचला. साडेसात लाखांच्या वर बँका बहुधा तारण मागतात, आणि तारण म्हणजे आपल्याकडे राहतं घर किंवा शेत.

इथे माझं मत स्पष्ट आहे. घर हे एकच तारण असेल, मुलगा किंवा मुलगी सतरा-अठराची असेल, आणि 'पायलट' हे गेल्या सहा महिन्यांतलं वेड असेल, तर आधी पदवी. सीपीएल बावीस-तेविसाव्या वर्षीही काढता येतं. विमान कंपन्यांच्या काही कॅडेट प्रोग्रामना (आधी निवड, मग प्रशिक्षण) वयाची अट असते, तेवढी बघून ठेवा. सरकारी योजनाही बघा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत इतर मागासवर्गीय मुलांसाठी सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली होती. अशा जाहिराती येतात आणि जातात, त्यामुळे खात्याच्या वेबसाइटवर नजर हवी.

> तपासा: हप्ता वजा करून घर चालेल का, हे पगार धरून नाही, पगार नाही असं धरून बघा.

## ५. संस्था बघायला जा, आणि दोन दिवस राहा

पत्रक वाचून कॉलेज निवडतात, फ्लाइंग स्कूल नाही. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर, आपल्याच राज्यात पर्याय आहेत. सकाळी सहाला कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसा आणि मोजा. किती विमानं उभी आहेत, किती उडतायत, कुठल्या विमानाच्या इंजिनावर आच्छादन आहे आणि त्याच्या टायरखाली गवत वाढलंय. दुपारी हॉस्टेलवर जा आणि मुलांना एकच विचारा: "कधी आलास, आणि आज तुझे तास किती?" संस्थेच्या ऑफिसात मिळणार नाही ते उत्तर तिथे मिळतं.

मग हा भागाकार करा. समजा ६० मुलं आहेत. प्रत्येकाला २०० तास म्हणजे १२,००० तास. उडण्याजोगी विमानं ६, आणि एक विमान महिन्याला ८० तास उडतं असं धरलं तर महिन्याला ४८०. म्हणजे २५ महिने, आणि त्यात पावसाळा धरलेलाच नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उड्डाणं किती होतात हे तिथल्याच मुलांना विचारा. 'अठरा महिन्यांत सीपीएल' म्हणणाऱ्याच्या समोर हा कागद ठेवा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

२०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करू लागली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नव्हती, त्यामुळे 'आम्ही देशात पहिले' या फलकाकडे जरा हसूनच बघा. ताजी यादी डीजीसीएच्या साइटवर बघा, संस्थेच्या फलकावर नको.

एएमईसाठी जाताना तीन गोष्टी: सीएआर-१४७ मंजुरी चालू आहे का आणि कोणत्या कॅटेगरीची, शिकायला खरं विमान आहे का, आणि प्रत्यक्ष अनुभव कुठे मिळणार याचं लेखी पत्र. 'टाय-अप आहे' हे तोंडी ऐकून परत येऊ नका. नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र आहे, मुंबईत हँगर आहेत. संस्थेची मुलं तिथपर्यंत पोचतात का, ते मागच्या बॅचच्या मुलांना फोन करून विचारा.

बी.एस्सी. एव्हिएशनच्या कॉलेजात एकच प्रश्न: उड्डाणाचे तास कुठे, कोणत्या मंजूर स्कूलमध्ये, आणि या फीत आहेत का? बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांची फी वर्गातल्या शिकवणीची असते आणि उड्डाणाचा खर्च वेगळा. पालकांना हे दुसऱ्या वर्षी कळतं.

## ६. पदवी कुठे बसवायची

पायलटला पदवी नियमाने लागत नसली तरी उपयोगी पडते. मेडिकल कधीही जाऊ शकतं: मधुमेह, हृदय, एखादा अपघात. तिसाव्या वर्षी जमिनीवर आलेल्या माणसाकडे फक्त बारावी असेल तर कठीण जातं.

पण याच कारणासाठी बी.एस्सी. एव्हिएशन हा आधार मला लंगडा वाटतो. उडता येईना म्हणून जी पदवी कामाला यायची, तीही उडण्याचीच. त्यापेक्षा साधी बी.कॉम. किंवा बी.एस्सी. बरी. २०२२ पासून यूजीसीच्या नियमाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, आणि फ्लाइंग ट्रेनिंग ही तशीही विद्यापीठाची पदवी नव्हे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत नाव घाला. हॉस्टेलवर पावसाळ्यात तसेही दिवस मोकळे असतात.

ज्यांना एटीसी हा दुसरा पर्याय ठेवायचाय त्यांनी मात्र नियमित बी.एस्सी. करावं, गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही घेऊन. सोपं म्हणून बी.सी.ए. करून बसलेली मुलं पुढे एटीसीची जाहिरात वाचून हळहळतात.

विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम हा तिसरा रस्ता. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःचं स्कूल उभारायचं जाहीर केलं. कॅडेटमध्ये निवड आधी होते, खर्च बहुधा जास्त असतो, आणि हातात पडतं ते पत्र 'सशर्त' असतं. त्या अटी वकिलाकडून वाचून घ्या. काकांच्या मित्राकडून नको.

## ७. पायलटचं ठरलं असेल तर: कामांचा क्रम

१. ईजीसीए आयडी, मग क्लास २ मेडिकल आणि कॉम्प्युटर नंबर.

२. क्लास १.

३. घरी राहून पेपर: हवामान, नेव्हिगेशन, एअर रेग्युलेशन. पासिंग ७० टक्के. निदान हे तीन सुटल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला निघू नका. बहुतेकांची चूक इथेच होते: हॉस्टेलचं भाडं भरत जमिनीवर बसून तेच पेपर देतात.

४. टेक्निकलचे पेपर आणि आरटीआर, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलायचा परवाना. आरटीआर आधी दूरसंचार खात्याकडे होतं, नव्या विमान कायद्यानंतर डीजीसीएकडे आलं. त्यामुळे जुन्या सीनिअरच्या नोट्समधली अर्जाची माहिती वापरू नका.

५. उड्डाण. लॉगबुक दर महिन्याला या आकड्यांशी ताडून बघा: एकूण २००, त्यात पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन) १००, कमांडमधलं क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी) २० तास आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, इन्स्ट्रुमेंट १०, रात्रीचे ५.

> सावधान: रात्रीचे पाच तास शेवटी ठेवू नका. दिवे नसलेल्या धावपट्टीवरून त्यासाठी दुसऱ्या विमानतळावर जावं लागतं, तिथे रांग असते, आणि एकशे पंचाण्णव तासांवर अडकून महिने काढलेली मुलं मी पाहिलीत.

६. टाइप रेटिंग सर्वांत शेवटी. एका प्रकाराचं रेटिंग स्वखर्चाने करून ठेवायचं आणि भरती निघायची दुसऱ्याची, असं होतं. जाहिरात आणि अट बघून मगच.

परदेशात शिकणार असाल तर तिथलं लायसन्स इथे चालवण्यासाठी डीजीसीएचं कन्व्हर्जन लागतं. त्याचा वेळ आणि खर्च पहिल्याच दिवशी धरा. भारतातले पेपर देऊन मग जाणाऱ्या मुलांना परत आल्यावर कमी धावपळ पडते.

## ८. फी भरण्याचा दिवस

एकरकमी भरू नका, कितीही सवलत देवोत. हप्ते उडालेल्या तासांशी बांधून घ्या: इतके तास झाले की इतकी रक्कम. पैसे संस्थेच्याच खात्यात, रोख नाही, एजंटच्या यूपीआयवर तर नाहीच. मेडिकल गेलं, संस्थेची मंजुरी गेली किंवा विमानं बंद पडली तर परतावा किती आणि किती दिवसांत, हे करारात हवं. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव डीजीसीएच्या यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळतंय का बघा. एखादा शब्द इकडेतिकडे असेल तर विचारा.

पावतीवर 'रक्कम परत मिळणार नाही' छापलं असेल तर त्या दिवशी पैसे न भरता घरी या. सीट जाईल म्हणतील. सप्टेंबरातला पेपर उघडून बघा, त्याच संस्थेची 'शेवटच्या काही जागा' ही जाहिरात तेव्हाही असते.